लिनक्स डेस्कटॉप आपल्या हाताला बसवताना

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारा, पण धडधाकट असलेला संगणक घरात असेल, तर त्यावर लिनक्स मिंट घालणे हा एक सरळ उपाय आहे. मिंट बसवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो नंतर, ते आपल्या सवयीचे करून घेण्यात. इथे पुष्कळजण बिचकतात. काहीतरी बदलायला जावे आणि सगळेच बिघडून बसावे, ही भीती असते. तिच्यावर उतारा म्हणजे कोणता बदल कुठे साठवला जातो, हे माहीत असणे.

लिनक्समध्ये दोन हद्दी आहेत. एक सिस्टमची. प्रोग्रॅम, ड्रायव्हर, अपडेट हे सगळे तिथे राहते. दुसरी तुमची, म्हणजे ‘होम’ फोल्डर. सिस्टमच्या हद्दीत काही बदलायचे असले की मिंट पासवर्ड मागतो. वॉलपेपर, पॅनेल, कीबोर्ड, शॉर्टकट यांसाठी मागत नाही, कारण त्या नोंदी होममध्येच होतात. म्हणून पासवर्डची चौकट समोर आली की थांबून वाचावे. ती आली नाही, तर बदल तुमच्यापुरता आहे आणि मागे घेता येण्यासारखा आहे.

या नोंदी बघायच्या असतील तर होम उघडून कंट्रोल + एच दाबा. एरवी न दिसणारे, टिंबाने सुरू होणाऱ्या नावांचे फोल्डर दिसू लागतील: .कॉन्फिग, .लोकल वगैरे. ही टिंबाची पद्धत जुन्या युनिक्समधून आलेली. फायलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने ‘.’ आणि ‘..’ या दोन नोंदी गाळाव्यात म्हणून टिंबाने सुरू होणारे प्रत्येक नाव गाळण्याचा सोपा मार्ग तेव्हा निवडला गेला. मग सेटिंग लपवायला प्रोग्रॅमांनी तोच वापरला. पुन्हा कंट्रोल + एच दाबले की पसारा झाकला जातो.

आता मराठी. सिस्टम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट अशी वाट धरा आणि अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून यादीतून ‘मराठी, एनहान्स्ड इनस्क्रिप्ट’ घ्या. ज्यांना इनस्क्रिप्टची सवय नाही त्यांच्यासाठी ‘कागपा, फोनेटिक’ हा पर्यायही यादीत आहे. इंग्रजी मात्र यादीत पहिली ठेवा, नाहीतर पासवर्ड टाकताना तो चुकत राहील आणि कारण लक्षात येणार नाही. भाषा बदलायची कळ तिथल्याच ‘ऑप्शन्स’मध्ये ठरवता येते. ऑल्ट + शिफ्ट नेहमीचे. कॅप्स लॉक फारसा लागत नसेल तर त्याला या कामाला लावा. प्रत्येक खिडकीसाठी वेगळा लेआउट लक्षात ठेवण्याचीही सोय आहे. ती चालू केली की रायटर या लिखाणाच्या प्रोग्रॅममध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी, अशी विभागणी आपोआप राहते.

इनस्क्रिप्टची मांडणी तर्काला धरून आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. क-ख, ग-घ, त-थ, प-फ या जोड्या एकेका कळीवर आहेत, दुसरे अक्षर शिफ्ट धरून येते. ‘दुकान’ लिहायचे तर इंग्रजीतल्या ओ, जी, के, ई, व्ही या कळा ओळीने दाबा. मराठीची खरी परीक्षा असते ‘दऱ्या’सारख्या शब्दात. त्याची वाट अशी: ओ ने द, शिफ्ट + जे ने ऱ, डी ने पाय मोडायचा, मग तिरक्या रेघेच्या कळीने य आणि ई ने काना. साधा र घेतला तर ‘दर्या’ होईल. ळ शिफ्ट + एन वर आहे.

माऊसच्या दोन सवयी लावून घ्याव्यात. मजकूर नुसता निवडा, दुसरीकडे जाऊन माऊसचे चाक दाबा. मजकूर तिथे उतरतो. कंट्रोल + सी ने कॉपी केलेले यात पुसले जात नाही, त्यामुळे एका वेळी दोन तुकडे हाताशी राहतात. दुसरी सवय, ऑल्ट धरून खिडकीत कुठेही पकडायचे आणि ओढायचे. लहान पडद्यावर खिडकीची वरची पट्टी बाहेर गेली की ही युक्ती कामाला येते.

मेनूतले प्रत्येक नाव ही एक छोटी मजकूर-फाइल असते. सिस्टममध्ये तिची जागा यूएसआर, त्यात शेअर, त्यात अॅप्लिकेशन्स. एखादी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. ‘नेम’ ही नावाची ओळ, ‘एक्झेक’ म्हणजे कोणता प्रोग्रॅम चालवायचा, ‘आयकॉन’ म्हणजे चित्र. बऱ्याच फायलींत वेगवेगळ्या भाषांतल्या नावांच्या ओळीही असतात. ‘एमआर’ लिहिलेली ती मराठीची. नाव बदलायचे तर मूळ फायलीला हात लावू नका. तिची प्रत त्याच नावाने होममधल्या .लोकल, शेअर, अॅप्लिकेशन्स या फोल्डरात ठेवा आणि बदल तिथे करा. मेनू तुमची प्रत आधी मानतो. कंटाळा आला की प्रत काढून टाका, मूळ नाव परत दिसते.

बिघाड झालाच तर शोधही याच दोन हद्दींनी घ्यायचा. पॅनेल गोठले तर आधी कंट्रोल + ऑल्ट + एस्केप. सिनॅमन हा मिंटचा डेस्कटॉप नव्याने सुरू होतो, उघड्या खिडक्या तशाच राहतात. तेवढ्याने भागले नाही तर सेटिंग्जमधून नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने लॉगिन करा. तिथे सगळे सुरळीत असेल तर दोष तुमच्या होममधल्या सेटिंगचा, सिस्टम ठीक आहे. तिथेही तोच घोळ असेल तर टाइमशिफ्ट हा प्रोग्रॅम उघडा आणि सिस्टम आधीच्या दिवसावर न्या.

टाइमशिफ्टबद्दल एक सावधगिरी हवी. तो सिस्टमचे स्नॅपशॉट घेतो, होम त्यात मुळात धरलेला नसतो. फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी ठेवावीच लागते. ती घेताना टिंबाचे फोल्डरही बरोबर घ्या. उद्या नव्या संगणकावर मिंटची तीच आवृत्ती टाकून होम परत ठेवले, की पॅनेल, कीबोर्ड, शॉर्टकट यांची मांडणी पुन्हा करत बसावे लागत नाही. फक्त प्रोग्रॅम तेवढे नव्याने घालायचे.