वायफाय जोडलंय, पण आयपीच मिळेना!

फलटणच्या एका अभ्यासिकेतला किस्सा. राउटर आणि स्विचवर दोन व्हीलॅन, म्हणजे एकाच वाड्यातल्या दोन वेगळ्या खोल्या समजा: १० ऑफिसचा, २० मुलांच्या वायफायचा. ऑफिसचा पीसी झकास चालू, पण मुलांचे फोन आयपी ॲड्रेसवर अडकलेले. त्यात परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस! मालक म्हणाले, "राउटर बदलू का?" म्हटलं, थांबा काका.

लॅपटॉप स्विचवर २० च्या पोर्टला लावला. पत्ता १६९.२५४ पासून सुरू होणारा. म्हणजे डीएचसीपीचं उत्तर आलंच नाही, लॅपटॉपनं स्वतःच पत्ता घेतला. मग २० मधला पत्ता हातानं टाकून गेटवेला पिंग मारलं. ही माझी सगळ्यात आवडती टेस्ट. उत्तर आलं असतं, तर राउटरचं डीएचसीपी सेटिंग बघितलं असतं. आलं नाही, म्हणजे बहुतेक वाटच बंद.

पत्ता मागणारा फोन सगळ्यांना हाक मारतो, पण ती हाक व्हीलॅनबाहेर जात नाही. इथं राउटरकडं जाणाऱ्या स्विचच्या पोर्टवर १० होता, २० जोडलाच नव्हता! राउटर २० टॅग लावून पाठवत होता, म्हणून इथंही टॅग्ड केला. आणि सेव्ह केलं बरं का, नाहीतर लाइट गेली की पुन्हा तेच. वायफाय बंद-चालू केल्यावर फोन धडाधड जोडले गेले. चहा तसाच टाकून पोरं फॉर्मला भिडली.