परदेशात मुलाकडे गेलात? शनिवारी सकाळी पार्करनला जाऊन या

आमगावात सकाळी कुणी धावताना दिसला की लोक एकच प्रश्न विचारतात, "भरतीची तयारी चालू आहे का?" आपल्याकडे धावणे म्हणजे पोलीस भरती. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि एसआरपीएफला जायचे असेल तर ५ किलोमीटर. साठीतले अब्बा किंवा सलवार-कमीज घातलेली अम्मी ५ किलोमीटरच्या कार्यक्रमाला जातील, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. पण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका या देशांत दर शनिवारी सकाळी नेमके हेच चालू असते आणि त्यात पाहुण्यांना खास बोलावले जाते. त्याला पार्करन म्हणतात.

हे सांगण्याचे कारण आहे. आमगाव-गोंदियाकडची मुलं-मुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी लांब जाऊ लागली आहेत. मग आई-वडील दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे जातात. पहिला आठवडा ईदसारखा जातो. नंतर मुलगा ऑफिसला, सून कामाला, नातू शाळेत, आणि घरात दोघेच. शेजाऱ्याचे दार बंद. रस्त्यावर माणूस नाही. अब्बांना निदान जुम्याला मशिदीत चार लोक भेटतात, पण अम्मीला तेही बऱ्याचदा मिळत नाही. फोनवर बहिणीला "इथं सगळं छान आहे" असे सांगतात आणि परतीच्या तिकिटाचे दिवस मोजतात. अशा माणसाला आठवड्यातून एक तास का होईना, लोकांत जायला मिळणे ही छोटी गोष्ट नाही.

पार्करनची सुरुवात २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये झाली. पॉल सिंटन-हेविट नावाच्या धावपटूला दुखापत झाली होती, स्वतःला धावता येत नव्हते, पण दोस्तांची भेट सुटू नये असे त्याला वाटत होते. म्हणून त्याने दोस्तांना बागेत बोलावले आणि स्वतः घड्याळ घेऊन उभा राहिला. पहिल्या दिवशी १३ जण धावले. नंबर देण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर वापरले होते! आज वीसहून जास्त देशांत, दोन हजारांहून अधिक ठिकाणी हे चालते. कुठे पाचशे-सातशे लोक येतात, तर लहान गावात वीस-पंचवीसच. पाहुण्यासाठी मला तरी लहान ठिकाणच बरे वाटते. गर्दीत कुणी विचारत नाही, पण वीस जणांत नवा चेहरा लगेच दिसतो.

पैसे किती? काहीच नाही. प्रवेश फी नाही आणि टी-शर्ट घ्यायची सक्ती नाही. परदेशात प्रत्येक पाऊंडाचे मनातल्या मनात रुपये करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

जाण्याआधी पार्करनच्या वेबसाइटवर एकदाच नाव नोंदवायचे. त्यात जन्मतारीख, ईमेल आणि अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा तो नंबर द्यावा लागतो. मग तुमच्या नावाचा बारकोड मिळतो. तो कागदावर छापून खिशात ठेवा किंवा मोबाइलमध्ये ठेवा. हा बारकोड जगभर चालतो. विसरलात तरी चालायला मनाई नाही, फक्त तुमची वेळ नोंदली जात नाही.

सुरू होण्याआधी दहा-पंधरा मिनिटे पोहोचायचे. पहिल्यांदा आलेल्यांना बाजूला बोलावून रस्ता समजावून सांगतात. मग सर्वांसमोर विचारतात, "आज बाहेरून कोण आले आहे?" तेव्हा लाजायचे नाही, हात वर करायचा. "इंडिया" म्हटले की टाळ्या पडतात. तिथले बरेच लोक स्वतःच दर शनिवारी वेगवेगळ्या गावांची पार्करन फिरत असतात, त्यामुळे पाहुण्याचे त्यांना अप्रूप असते. कुठून आलात, किती दिवस आहात, कुणाकडे उतरलात, ही विचारपूस आपल्या बसस्टँडवर होते तशीच तिथेही होते.

अंतर ५ किलोमीटर. धावा, चाला, मध्ये बाकावर बसा, कुणी हटकत नाही. आरामात चालले तर साधारण तास लागतो. सर्वांच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत असतो. त्याचे कामच शेवटी पोहोचणे. त्यामुळे शेवटचा नंबर पाहुण्याचा कधी लागत नाही. सगळ्यात हुशारीची गोष्ट मला हीच वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर त्यांनी वेबसाइटवरून वेगाच्या विक्रमांच्या याद्याही काढून टाकल्या, कारण त्या पाहून नवीन माणूस घाबरतो.

शेवटी एक टोकन हातात देतात. आधी तुमचा बारकोड आणि मग टोकन स्कॅन होते. टोकन परत द्यायचे, आठवण म्हणून घरी आणायचे नाही! निकाल त्याच दिवशी ईमेलवर येतो.

आता आपल्या घरांत जे प्रश्न निघतात ते. कपड्यांचे बंधन नाही. हिजाब, सलवार-कमीज, लांब कुर्ता, काहीही चालते. बूट मात्र चांगले हवेत, चपलेवर ओल्या गवतात घसरायला होते. पुरुष-स्त्रिया एकाच रस्त्यावर असतात, पण ज्याने त्याने आपल्या घरच्यांसोबत चालावे, कुणाला काही वाटत नाही. बऱ्याच ठिकाणी लोक पट्ट्याला बांधलेले कुत्रे घेऊन येतात. त्याची अडचण वाटत असेल तर सुरुवातीला मागे उभे राहा, पाच मिनिटांत रस्ता मोकळा होतो. अकरा वर्षांखालील नातवंडे असतील तर मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावरच ठेवावी लागतात. ४ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी काही देशांत रविवारी वेगळे २ किलोमीटरचे असते.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. निकालात नाव वेबसाइटवर सगळ्यांना दिसते. घरच्या बायकांचे किंवा मुलांचे नाव असे जाहीर नको असेल, तर नोंदणी न करता चालावे. मधुमेह, बीपी किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून आणि प्रवासी विमा घेऊनच जावे. तिकडे दवाखान्याचे बिल हे मोठे प्रकरण आहे.

नमाजाच्या वेळेशी टक्कर होत नाही. शनिवार असल्याने जुम्याचा प्रश्न नाही. इंग्लंडमध्ये सकाळी ९ ला, स्कॉटलंडमध्ये साडेनऊला, दक्षिण आफ्रिकेत ८ ला, तर ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये ७ ला सुरू होते. फजरनंतर चहा पिऊन निघायला पुरेसा वेळ राहतो. रमजानमध्ये रोजा ठेवून चालणे जमत नसेल तर बारकोड स्कॅन करायला उभे राहता येते. त्याला फार इंग्रजी लागत नाही, "वेल डन" आणि "थँक यू" पुरते. फक्त व्हिजिटर व्हिसावर अशी सेवा चालते का, हे मुलाला आधी पाहायला सांगा.

कुठे जायचे? लंडनला असाल तर जिथे सुरुवात झाली त्या बुशी पार्कला एकदा जावेच, पण तिथे गर्दी फार. बर्मिंगहॅमला कॅनन हिल पार्क, ब्रॅडफर्डला लिस्टर पार्क, मँचेस्टरला प्लॅट फील्ड्स. या तिन्ही शहरांत आपल्या उपखंडातले मुसलमान मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे उर्दू-हिंदीत बोलणारे कुणी ना कुणी भेटण्याची शक्यता चांगली. सिडनीत पॅरामॅटा आहे. आणि केपटाउनला जाणाऱ्यांनी रॉन्डेबॉश कॉमन पाहावे. रायगडच्या मोर्ब्यासारख्या गावांतून कोकणी मुसलमान शंभर वर्षांपूर्वीच त्या शहरात जाऊन स्थायिक झाले आहेत. तिथे कुणाच्या आजोबांचे गाव महाराष्ट्रातले निघाले तर नवल नाही.

निघण्याआधी शुक्रवारी रात्री त्या ठिकाणचे पान एकदा उघडून पाहा. बर्फ, वादळ किंवा बागेत दुसरा कार्यक्रम असेल तर रद्द झाल्याची सूचना तिथे असते. भारतात पार्करन नाही, म्हणून आमगावला परतल्यावर बारकोडचा उपयोग नाही. पण तो फेकू नका, पुढच्या वेळी दुसऱ्या लेकीकडे दुसऱ्या देशात गेलात तरी तोच चालतो.