बेंजोला हवी एक खोली

सुरतहून हजिऱ्याकडे निघालं आणि पाल मागे पडलं की इच्छापोर लागतं. पुढे खत, गॅस आणि पोलादाचे कारखाने. मराठी माणसांची मोठी वस्ती मात्र तापीच्या पलीकडच्या तीरावर आहे: उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वेने सुरत आणि खान्देश जोडले. त्या वाटेने माणसं कामाला आली आणि येताना लग्नात वाजतगाजत जायची हौसही घेऊन आली.

ही हौस पुरवणारे चमू म्हणजे आपले खरे कव्हर बँड. दुसऱ्यांची गाजलेली गाणी, मुखड्यापासून मधल्या म्युझिक पीसपर्यंत, ओळखू येतील अशी वाजवणं हेच त्यांचं काम. रंगमंचावर हे काम ऑर्केस्ट्रांनी केलं. सुदेश भोसले यांच्यासारखा गायक ‘मेलडी मेकर्स’मधूनच पुढे आला. रस्त्यावर ते बेंजो पार्टीने केलं. मुंबईच्या गल्लीबोळांतल्या या पार्ट्यांवर रवी जाधव यांनी 2016 मध्ये रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला. गुजरातमध्येही बेंजो परका नाही. सौराष्ट्रातल्या डायऱ्यात, म्हणजे लोकगीतांच्या मैफलीत, लोकगायकाच्या मागे तोच वाजतो.

या वाद्याकडे जरा थांबून पाहायला हवं. 1912 मध्ये जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं तंतुवाद्य बनवलं. तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवायच्या, म्हणजे नवशिक्यालाही सूर सापडेल, अशी त्याची रचना. ते भारतात येऊन बुलबुलतरंग झालं, वरातीत शिरून बेंजो झालं. बलुची संगीतात त्याचंच ‘बेंजू’ झालं आणि कराचीच्या बिलावल बेल्जियम यांनी त्याला मैफलीचा मान मिळवून दिला.

डाव्या हाताने कळ दाबली की तार पट्टीवर टेकते, तिची लांबी कमी होते आणि सूर चढतो. उजव्या हातातली नखी तार छेडते. इतकं सोपं, आणि इथेच त्याचा हट्ट सुरू होतो. कळ सुटली की सूर संपला. सनई किंवा गायकाचा गळा स्वर लांबवतो, तसा बेंजोला लांबवता येत नाही. म्हणून वादक नखी तारेवर वेगाने मागेपुढे फिरवत राहतो आणि त्या थरथरीतून लांब स्वराचा भास उभा करतो. मींडही सरळ निघत नाही, कारण दोन कळांच्या मधला सूर कळांवर नाहीच. गळ्याने ओढून घेतलेली जागा बेंजोवर ऐकणाऱ्याला पटते, ती हातचलाखीने नव्हे. ती जागा कितीदा तरी घोटून बसवलेली असते. वरातीतल्या वादकाला आपण कलावंत म्हणत नाही, हा आपला कद्रूपणा आहे.

तालीम होते ती याच घोटण्यासाठी. मोबाइलवर गाणं लावायचं, ऐकायचं, थांबवायचं, पुन्हा लावायचं. मग पट्टीचा प्रश्न येतो. मूळ गाणं काळी चारमध्ये असेल आणि गायकाला काळी एक सोयीची असेल, तर कीबोर्डवाला एक बटण दाबून मोकळा होतो. बेंजोवाल्याला बोटांची सगळी वाट नव्याने बसवावी लागते, नाहीतर तारा उतरवून पुन्हा जुळवाव्या लागतात. त्यात गणपती येतात पावसाळ्यात. दमट हवेत लाकूड फुगतं, कळ अडकते, तार गंजते.

पण सगळ्यात मोठी अडचण आहे जागेची. ढोल, ताशा, ऑक्टोपॅड आणि स्पीकरला जोडलेला बेंजो चाळीतल्या खोलीत वाजवायचा कसा? शेजारी रात्रपाळी करून झोपलेला असतो आणि त्याची तक्रार खोटी नसते. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतात. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद ठेवावा लागतो. 2010 च्या दुरुस्तीने वाद्यांनाही रात्रीची बंदी लागू केली. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्य सरकार देऊ शकतं, तीही वर्षाकाठी 15 दिवसांपेक्षा जास्त नाही. म्हणजे कारखान्यातून सुटलेल्या वादकाला जी वेळ मोकळी मिळते, नेमकी तीच कायद्याने मिटलेली असते.

गंमत अशी की गाण्यांच्या मालकीचा कायदा या मंडळींशी बराच नरमाईने वागतो. कॉपीराइट कायद्याचं कलम 52 खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभातल्या वादनाला सूट देतं आणि त्यात लग्नाची वरातही मोडते. तिकीट लावून कार्यक्रम करायचा म्हटलं की मात्र परवाना आला. त्यामुळे बँड पुन्हा वरातीकडेच ढकलला जातो, आणि तिथे डीजेची गाडी आधीच उभी असते. तिला तालीम लागत नाही, दहा जणांची बिदागी लागत नाही. चातुर्मासात लग्नं थांबली की, गणपती सोडले तर, बँडवाल्यांची कमाईही थांबते.

सुरतमध्ये सभागृहं नाहीत असं नाही. इच्छापोरहून जवळ, पालमध्ये संजीवकुमार सभागृह आहे. पण मोठ्या सभागृहाचं भाडं आणि वरातीत वाजवणाऱ्याचा खिसा यांचा मेळ बसत नाही. नियमांनी बंद सभागृहाला रात्रीच्या बंदीतून वगळलेलं आहे. म्हणजे तोडगा नियमातच आहे: चार भिंती आणि बंद दार. महापालिकेने उधना-लिंबायतकडे एक आणि इच्छापोरकडे एक, अशा आवाज बाहेर न जाणाऱ्या दोन खोल्या तासाच्या माफक भाड्याने बँडवाल्यांना द्याव्यात. मराठी मंडळांनीही गणेशोत्सवात एक संध्याकाळ डीजेऐवजी बेंजो पार्टीला मंचावर बसवावं, खुर्च्या मांडून ऐकावं आणि बिदागी आधी ठरवून द्यावी.