आगगाडी की मोटार?

पॅरिसच्या हॉटेलात नकाशा पसरून आमची जुंपली होती. प्रोव्हान्समधली खेडी पाहायची, पण जायचं कसं? "मोटारच घेऊ," हे म्हणाले. सुमारे सातशे किलोमीटर, वाटेत टोल, शिवाय उजव्या बाजूनं चालवायचं. आणि यांची साठी उलटलेली! "अहो, आगगाडीनं जाऊ," मी धोशा लावला. टीजीव्ही पावणेतीन तासांत आव्हिन्याँला पोचवते. पण पुढच्या गोर्द, रूसीयाँ या डोंगरावरच्या गावांना स्टेशनच नाही. अखेर तह झाला: आव्हिन्याँपर्यंत आगगाडी, पुढे भाड्याची मोटार.

रूसीयाँच्या गेरूच्या तांबड्या कड्यांपाशी घाम पुसत हे पुटपुटले, "पॅरिसपासून चालवत आलो असतो, तर हे बघायला त्राण उरलं नसतं."

मी जिंकले होते. पण आडवाटेचं ते गाव मात्र यांच्या मोटारीनंच दाखवलं.