जुनें फिरतें घर पारखतांना

‘घर पाहावें बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु जें घर चाकांवर चालतें, आणि तेंही दुसऱ्या कुणीं दहापंधरा वर्षें वापरलेलें, तें पाहावें कसें, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वीं माझ्यापुढें आला. माझी कन्या व जांवई नोकरीनिमित्त इंग्लंडांत लीड्स शहरीं राहतात. आपणां श्रोत्यांपैकींही पुष्कळांचीं मुलें तिकडे आहेत. तेव्हां हा अनुभव निव्वळ घरगुती ठरणार नाहीं, अशा समजुतीनें तो आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

ज्या मोटारींत निजावयास पलंग, स्वैपाकास शेगडी, पाण्याची टांकी व लहानसें न्हाणीघर असतें, तिला तिकडे मोटरहोम म्हणतात. मी तिला फिरतें घर म्हणेन. मुलीनें व जांवयानें पांच वर्षांच्या काटकसरीनें पंधरा हजार पौंड सांठविले होते. तेवढ्यांत नवें फिरतें घर मिळत नाहीं, म्हणून जुनें घ्यावयाचें ठरलें. नुसतीं चित्रें पाहून त्यांनीं एका विक्रेत्याला पांचशे पौंड इसार दिला, आणि मग गाडी पाहावयास मलाही बरोबर नेलें.

गाडी दिसावयास आरशासारखी होती. चौदा वर्षांत ती अवघी वीस हजार मैल चालली होती. आंत अत्तराचा घमघमाट सुटला होता. मला एंजिनांतलें कांहीं कळत नाहीं. पण पलंगाखालचें कपाट उघडतांच जो वास आला, तो मीं तत्काळ ओळखला. रत्नागिरी जिल्ह्यांत शिक्षक असतांना श्रावणांत शाळेचें नकाशांचें कपाट उघडलें कीं हाच वास येई. कोपऱ्यांत अंगठा दाबला, तों भिंत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आंत गेली. “थोडीशी ओल आहे, एवढेंच,” विक्रेता म्हणाला. दुसऱ्या दिवशीं एक जाणकार बोलाविला. त्याच्याजवळ दोन सुया असलेलें ओल मोजण्याचें यंत्र होतें. १५ टक्क्यांच्या आंतील आंकडा सामान्यतः निर्धोक मानतात. २० च्या वर गेला कीं काळजीचें कारण. येथें तो ३० च्याही पुढें गेला. भिंतींतला लांकडी सांगाडा कुजला होता. इसार परत मिळाला नाहीं. पण साडेचौदा हजार वांचले. गेलेले पांचशे मी शिकवणीची फी समजतों.

त्या शिकवणीचा पहिला धडा असा, कीं फिरतें घर ही एक वस्तु नसून दोन वस्तूंची जोडी आहे. खालची मोटार बहुधा फियाट ड्युकाटो, फोर्ड ट्रॅन्झिट अशा मालवाहू गाडीची असते. वरचें घर दुसऱ्याच कारखान्यानें बांधलेलें असतें. मोटार बिघडली तर तसल्याच गाड्या मालवाहतुकीसाठीं हजारों धांवत असल्यामुळें सुटे भाग व कारागीर सहज मिळतात. घर कुजलें तर मात्र भिंती उकलाव्या लागतात, आणि तो खर्च कधीं कधीं गाडीच्या किंमतीलाही गिळून टाकतो. म्हणून आधीं घर पाहावें, मोटार मागून.

ओल शिरते ती सांध्यांतून: छपराच्या कडा, खिडक्यांच्या चौकटी, वरचे झरोके. तेथील चिकट लेप उन्हानें व थंडीनें वाळून भेगाळतो, आणि पाणी कुणाला न दिसतां वर्षानुवर्षें आपलें काम करीत राहतें. भिंतीवरचा कागद फुगला आहे काय, डाग आहेत काय, पायांखालची जमीन दबते काय, हें पाहावें. शक्य तर पाऊस पडत असतांना जावें. उन्हांत सगळींच घरें कोरडीं असतात. मालवाहू गाडीच्या पत्र्याच्या कवचांतच थाटलेल्या घराला सांधे कमी, म्हणून हें भय कमी. मात्र तेथें जागा अरुंद असते व गंज पाहावा लागतो.

आतां कागदपत्रें. ब्रिटनमध्यें तीन वर्षें झालेल्या गाडीची दरवर्षीं एम-ओ-टी नांवाची सक्तीची तपासणी होते. गाडीचा क्रमांक घातला कीं मागील निकाल व त्या त्या वेळचे मैल सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य दिसतात. एका वर्षीं चाळीस हजार आणि पुढच्या वर्षीं तीस हजार मैल दिसले, तर काय समजावयाचें तें समजावें. परंतु ही तपासणी ब्रेक, दिवे, चाकें यांची; भिंतींतील ओल तींत कोणी पाहत नाहीं. नोंदणीपुस्तक हेंही मालकीचा पुरावा नव्हे. गाडीवर कर्ज थकलें आहे काय, याची चौकशी थोडे पैसे भरून वेगळी करावी.

थोडे मैल हा गुणच असतो असेंही नाहीं. उभ्या गाडीचें रबरही म्हातारें होतें. टायरच्या कडेवर चार अंक असतात. ३२१९ याचा अर्थ २०१९ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी हे अंक वाचावे. एंजिनाचा टायमिंग बेल्टही मैलांप्रमाणेंच वर्षांच्या हिशेबानें बदलावा लागतो. तो तुटला तर बहुधा एंजिनाचा नाश ओढवतो. आपण पोंचण्यापूर्वीं एंजिन सुरू करूं नये, असें विक्रेत्याला बजावावें. थंड एंजिन खरें बोलतें. गॅसच्या शेगडीची व उबाऱ्याची परीक्षा मात्र परवानाधारक माणसाकडूनच करवावी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं; येथली काटकसर जिवावर बेतते.

आणखी एक गोष्ट वजनाची. १ जानेवारी १९९७ पासून ज्यांनीं तेथें मोटारीची परीक्षा दिली, त्यांना सामान्य परवान्यावर बहुधा ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी हांकतां येते. त्या मर्यादेंत माणसें, सामान व पाणी सारें आलें. शंभर लिटर पाण्याचेच शंभर किलो होतात.

शेवटीं, जवळची सर्व रक्कम गाडींत घालूं नये. आम्हीं पंचमांश बाजूला ठेवला, आणि पहिल्याच वर्षीं टायर, टायमिंग बेल्ट व बॅटरी यांत त्यांतला बराच खर्ची पडला. घेतलेली गाडी दिसावयास साधी, पत्र्याच्या कवचाची, एक लाख मैलांच्या घरांत चाललेली. पण प्रत्येक दुरुस्तीची पावती मालकानें जपून ठेवलेली होती. गेल्या उन्हाळ्यांत तींतून आम्ही स्कॉटलंडांत गेलों. सारी रात्र छपरावर पाऊस वाजत होता. पहांटे उठून मीं संवयीनें कोपऱ्यांत अंगठा दाबून पाहिला. भिंत कोरडी होती. नात मात्र मला हंसली.