रागें भरल्यानें काम सुधारतें काय?

कसबा बावड्याच्या परिसरांतील गुऱ्हाळ ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें सांगावयास नकोच. चुलवाणांत चिपाडें घालणाऱ्या गड्याच्या हातून जाळ अधिक झाला, तर त्यानें गुळव्यास तत्काळ सांगितलें पाहिजे. नाहींतर काहिलींतील रस करपून गूळ काळा पडतो. परंतु चारचौघांत शिव्या देणाऱ्या मालकापुढें तो बिचारा बोलेल कशाला? तो चूक झांकतो.

मग रागावण्याचा गुण येतो असें मुकादमांस कां वाटतें? इस्रायलच्या विमानदलांतील शिक्षकांचीही १९६०च्या दशकांत हीच समजूत होती. स्तुति केली कीं शिकाऊ वैमानिक बिघडतो, खडसावलें कीं सुधारतो! मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांनीं त्यांतील मेख ओळखली. फार वाईट उड्डाणानंतरचें उड्डाण बहुधा बरें होतें व फार उत्तमानंतरचें उतरतें, कारण मनुष्याचें काम आपल्या सरासरीभोंवतींच फिरत असतें. श्रेय मात्र शिवीला मिळतें.

१९९६ सालीं अमेरिकेंतील एमी एडमंडसन यांनीं रुग्णालयांविषयीं प्रसिद्ध केलेला अभ्यास तर विद्यार्थ्यांस चमत्कारिकच वाटेल. ज्या विभागांतील परिचारिका निर्भयपणें बोलत, तेथेंच औषधांच्या चुका अधिक नोंदल्या गेल्या होत्या. इतरत्र त्या लपून राहत.