मूत्र वाहविणे म्हणजे वृक्क वाचविणे नव्हे

ज्वराच्या रुग्णात मूत्राचे प्रमाण घटले की आपणा वैद्यांचा हात स्वाभाविकपणे मूत्रल औषधांकडे वळतो. गोक्षुर, पुनर्नवा, चंद्रप्रभा, श्वेतपर्पटी, यवक्षार ही द्रव्ये व कल्प बहुतेक वैद्यांच्या कपाटात आणि औषधी दुकानांच्या फळ्यांवर असतात. सोबत शहाळ्याचे पाणी घेण्यास सांगण्याची रीतही सर्वत्र आहे. मूत्रकृच्छ्र व अश्मरी यांत ह्या उपचारांचा गुण आपण नित्य पाहतो. परंतु ज्या रुग्णाचे सर्व शरीर जंतुसंसर्गाने प्रक्षुब्ध झाले आहे आणि त्यातून वृक्क थकत चालले आहेत, तेथे हाच उपचार निरुपयोगी व कित्येकदा घातक ठरतो. गेल्या पंचवीस वर्षांत अतिदक्षता विभागांतून झालेल्या संशोधनाने आधुनिक वैद्यकालाही हाच धडा शिकविला आहे. त्या संशोधनाचा आणि त्यातून आपल्या व्यवसायाने काय घ्यावे याचा परामर्श आम्ही प्रस्तुत लेखात घेत आहोत.

सेप्सिस व वृक्कविकृती : व्याख्या

सेप्सिसची आज मान्य असलेली व्याख्या २०१६ साली प्रसिद्ध झाली. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद अनियंत्रित होऊन त्यामुळे अवयवांचे कार्य जीवघेण्या प्रमाणात बिघडणे म्हणजे सेप्सिस. ह्या व्याख्येत भर जंतूंवर नाही, तर शरीराच्या प्रतिसादावर आहे. अनेक स्थानी एकाच वेळी दुष्टी होणे ही कल्पना सन्निपातज्वर शिकलेल्या वैद्यास अपरिचित नाही. तथापि दोन्ही संज्ञा एकच आहेत असे म्हणण्याची घाई करू नये. २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१७ ह्या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लक्ष रुग्ण झाले व सुमारे १ कोटी १० लक्ष मृत्यू त्याच्याशी निगडित होते. म्हणजे जगातील एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा.

आशुकारी वृक्कविकृती, म्हणजे मूत्रपिंडांचे कार्य एकाएकी ढासळणे, हिची व्याख्या २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत निश्चित झाली. रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम किंवा अधिक वाढणे, सात दिवसांत मूळच्या दीडपट होणे, अथवा सलग सहा तास मूत्राचे प्रमाण दर किलो वजनास दर तासाला अर्धा मिलिलिटरहून कमी असणे, यांपैकी एक गोष्ट निदानास पुरेशी आहे. साठ किलो वजनाच्या रुग्णास सहा तासांत १८० मिलिलिटरपेक्षा कमी मूत्र झाले, तर ते ह्या व्याख्येत बसते. हे मोजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. मापाचे भांडे आणि घड्याळ पुरते.

अतिदक्षता विभागात ह्या दोन विकृतींची गाठ किती घट्ट आहे, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखविले. २३ देशांतील ५४ रुग्णालयांत २९ हजारांहून अधिक अत्यवस्थ रुग्ण पाहिले गेले. ज्यांचे वृक्क गंभीररीत्या निकामी झाले, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांत सेप्सिसजन्य शॉक हे एक कारण होते आणि अशा वृक्करुग्णांपैकी सुमारे ६० टक्के रुग्णालयातच दगावले.

रक्तप्रवाह पुरेसा, तरीही वृक्क स्तब्ध

सेप्सिसमध्ये रक्तदाब उतरतो, वृक्कास रक्त कमी पोहोचते, त्यामुळे त्याच्या पेशी मरतात, अशी उपपत्ती दीर्घकाळ प्रचलित होती. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मेंढ्यांवर प्रयोग करून २००६ साली तिला धक्का दिला. मेंढ्यांच्या रक्तात जिवंत ई-कोलाय जंतू सोडल्यावर वृक्काचा रक्तप्रवाह घटण्याऐवजी वाढला, आणि तरीही क्रिएटिनिन चढत गेले. पुढे २०१३ साली सेप्सिसने मरण पावलेल्या रुग्णांच्या वृक्कांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी प्रसिद्ध झाली. तीत पेशींचा नाश अपेक्षेहून फारच थोडा आढळला.

मग वृक्क थांबतो कशाने? आज असे मानले जाते की एकूण प्रवाह पुरेसा असला तरी सूक्ष्म केशवाहिन्यांतील वाटप विस्कळीत होते, गाळणीतील दाब उतरतो, आणि जंतूंचे व शोथाचे विषारी घटक गाळून आल्यावर वृक्कनलिकेच्या पेशींवर आघात करतात. त्या पेशी स्वतःचा जीव राखण्यासाठी आपले काम आवरते घेतात. पेशी मेलेल्या नसतात, कामावरून हटलेल्या असतात. म्हणूनच मूळ संसर्ग वेळीच आवरला तर कित्येक वृक्क पुन्हा कार्यरत होतात. विलंब झाल्यास तसे होत नाही.

फसलेले उपाय

रक्तप्रवाह वाढवावा, मूत्र वाहते करावे, म्हणजे वृक्क वाचेल, ह्या समजुतीवर आधारलेले उपाय एकामागून एक तपासले गेले. अल्प मात्रेतील डोपामिन हे एकेकाळी अतिदक्षता विभागाचे लाडके औषध होते. २००० साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ३२८ रुग्णांवरील चाचणीत त्याने वृक्काचे रक्षण होत नाही, असे सिद्ध झाले. रक्ताचे आकारमान वाढविणारे स्टार्चचे द्रावण २०१२ च्या एका चाचणीत तपासले गेले. ९० दिवसांत स्टार्चच्या गटातील ५१ टक्के, तर साध्या क्षारद्रावणाच्या गटातील ४३ टक्के रुग्ण दगावले. डायालिसिसची गरजही स्टार्चच्या गटात अधिक लागली. फ्रुसेमाइडसारखी मूत्रल औषधे शरीरात साचलेले पाणी काढण्यापुरतीच वापरावीत, वृक्कविकृतीचा उपचार म्हणून नव्हे, असे २०१२ च्या मार्गदर्शिकेने स्पष्ट केले.

डायालिसिस लवकर सुरू केल्यास तरी जीव वाचेल काय? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ देशांतील सुमारे तीन हजार अत्यवस्थ रुग्ण घेतले गेले. लवकर डायालिसिस केलेल्यांत ९० दिवसांतील मृत्यू ४३.९ टक्के, निकड भासेपर्यंत थांबलेल्यांत ४३.७ टक्के, म्हणजे भेद नाही. उलट वाचलेल्या रुग्णांपैकी ९० दिवसांनंतरही डायालिसिसवर अवलंबून राहिलेले पहिल्या गटात १०.४ टक्के व दुसऱ्यात ६ टक्के होते.

ह्या सर्वांचे सार एकच. मूत्र हे वृक्काच्या कार्याचे फळ आहे. फळ ओढून काढल्याने मूळ सुधारत नाही. येथे उपयोगी पडते ते निदानपरिवर्जन, म्हणजे संसर्गाचा शोध, योग्य प्रतिजैविक, पूयस्थानाचा निचरा आणि रक्तदाबाचे रक्षण. त्यातही काळाचे महत्त्व सर्वाधिक. सेप्सिसजन्य शॉकच्या रुग्णांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की रक्तदाब कोसळल्यावर पहिल्या सहा तासांत प्रतिजैविकास होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबाने वाचण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटले. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही शॉक असल्यास एका तासाच्या आत प्रतिजैविक देण्याची शिफारस आहे. पहिला वैद्य ज्या तासात निर्णय घेतो, तो तास पुढे कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही.

मूत्रसंग की मूत्राची अनुत्पत्ती?

चरकाचार्यांनी हृदय, शिर व बस्ति यांना त्रिमर्मांत गणले. सुश्रुताचार्यांनी मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले. ह्यांतील अनेक प्रकारांत मूत्र तयार होते, परंतु बाहेर पडत नाही. सेप्सिसमध्ये बहुधा मूत्र तयारच होत नाही. हा भेद रुग्णशय्येजवळच करता येतो. ओटीपोटावर हात ठेवून बस्ति भरलेला आहे की रिकामा, हे प्रथम पाहावे. भरलेला बस्ति अवरोध दर्शवितो, आणि अवरोधासह ज्वर असेल तर तीही तातडीची अवस्था समजावी. बस्ति रिकामा, ज्वर चढलेला किंवा शरीर अकस्मात थंड पडलेले, नाडी वेगवान, श्वास मिनिटाला २२ वा अधिक, वरचा रक्तदाब १०० वा त्याखाली, बोलण्यात विसंगती, ही लक्षणे दिसल्यास मूत्रल द्रव्यांचा विचार सोडून रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. ही सर्व लक्षणे एकत्र येण्याची वाट पाहू नये. वृद्ध व मधुमेही रुग्णांत ज्वर नसतानाही सेप्सिस असू शकतो.

याउलट मूत्र भरपूर होत आहे म्हणून निश्चिंत राहणेही योग्य नाही. लेप्टोस्पायरोसिस हे याचे उत्तम उदाहरण. कोकणात भातशेतीच्या हंगामात हा व्याधी आढळतो. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. ह्या व्याधीत वृक्क बिघडत असतानाही कित्येकदा मूत्राचे प्रमाण कमी होत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात वावरलेला रुग्ण ज्वर, पिंडऱ्यांतील तीव्र वेदना, डोळ्यांची लाली अथवा कामला घेऊन आला, तर मूत्र होत असले तरी क्रिएटिनिनची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

आपल्या कपाटातील पोटॅशियम

ज्याविषयी आपल्या व्यवसायात फारसे बोलले जात नाही, तो हा मुद्दा आहे. वृक्क थांबला की पोटॅशियम शरीराबाहेर जाण्याचा मुख्य मार्ग बंद होतो. रक्तातील त्याचे प्रमाण सामान्यतः लिटरला ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असते, ते ६.५ च्या पुढे गेल्यास हृदयाची गती बिघडून ते अकस्मात थांबू शकते. आता आपली मूत्रल औषधे पाहावीत. श्वेतपर्पटीतील प्रमुख द्रव्य सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. यवक्षार हा यवाच्या पंचांगाची राख करून काढलेला क्षार. त्यात पोटॅशियमचेच लवण प्रधान असते. शहाळ्याचे पाणीही पोटॅशियमने समृद्ध आहे. निरोगी वृक्क हा भार सहज बाहेर टाकतो. परंतु मूत्र घटलेल्या सेप्सिसच्या रुग्णास हे तिन्ही एकत्र देणे म्हणजे ज्याचे दार बंद झाले आहे त्या घरात आणखी माणसे लोटणे होय. क्रिएटिनिन व पोटॅशियम ज्ञात नसताना मूत्राल्पतेच्या ज्वररुग्णास क्षारकल्प देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ह्यात त्या औषधांचा दोष नाही. अवस्था पाहून औषध योजावे, ही आपल्याच शास्त्राची आज्ञा आहे.

रसौषधींबाबतही हाच विवेक ठेवावा. दुखावलेल्या वृक्कावर धातुघटित कल्पांचा भार टाकू नये.

औषधी दुकानदार बंधूंना विनंती

अशा रुग्णाचे नातेवाईक पुष्कळदा प्रथम दुकानात येतात. ताप, अंगदुखी आणि अशक्तपणा सांगितला की वेदनाशामक गोळी दिली जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे वृक्कातील रक्तवाहिन्यांना आधार देणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. उलट्या-जुलाबांनी शुष्क झालेला रुग्ण, त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या व मूत्रल गोळी नित्य चालू, आणि वर हे वेदनाशामक, असा संयोग वृक्कास विशेष घातक आहे. म्हणून दोन प्रश्न अवश्य विचारावेत. रुग्णास रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार आहे काय? आणि सकाळपासून लघवी किती वेळा झाली? उत्तर शंकास्पद असल्यास गोळी न देता वैद्याकडे वा रुग्णालयाकडे वळवावे. एका गिऱ्हाइकाची विक्री जाईल, परंतु दुकानावरील विश्वास वाढेल.

रुग्ण परत येतो तेव्हा

अतिदक्षता विभागातून वाचून आलेला रुग्ण अनेकदा बलप्राप्तीसाठी आपल्याकडे येतो. तेव्हा रुग्णालयाचे सुटकापत्र वाचून क्रिएटिनिनचे शेवटचे मान टिपून ठेवावे. वृक्कविकृतीनंतर तीन महिन्यांनी पुनर्तपासणी करावी, अशी २०१२ च्या मार्गदर्शिकेची शिफारस आहे. क्रिएटिनिनसोबत मूत्रातील प्रथिनांची तपासणी व रक्तदाबाची नोंद ठेवावी, कारण अशा रुग्णांत पुढे जीर्ण वृक्कविकार होण्याचा संभव अधिक असतो. अग्निबल पाहून लघु आहार, क्रमाने संतर्पण, आणि घटकद्रव्ये निश्चित ठाऊक असलेलीच औषधे, हे धोरण असावे. बेल्जियममध्ये १९९३ साली उघडकीस आलेला प्रकार येथे ध्यानी घ्यावा. वजन घटविण्यासाठी घेतलेल्या चिनी वनस्पतींच्या औषधात ऍरिस्टोलोकिया वर्गातील वनस्पतीची मिसळ होऊन अनेक स्त्रियांचे वृक्क कायमचे निकामी झाले. आपल्याकडील ईश्वरी ही त्याच वर्गातील वनस्पती आहे. औषध वनस्पतिजन्य आहे, एवढ्यावरून ते वृक्कास निरुपद्रवी ठरत नाही.

सेप्सिसच्या रुग्णास आयुर्वेदाचा साहाय्यक उपचार कितपत लाभतो, हा अभ्यासाचा विषय आहे आणि तो अभ्यास अवश्य व्हावा. मात्र तो रुग्णालयात, नोंदणीकृत चाचणीच्या रूपाने व प्रमाणित उपचार अबाधित ठेवून व्हावा. आपल्या चिकित्सालयातील एकट्या रुग्णावर, मोलाचे तास खर्चून तो होऊ नये.

वैद्यबंधूंनी आपल्या चिकित्सालयात मापाचे एक भांडे व रक्तदाबमापक यंत्र सिद्ध ठेवावे, जवळच्या अतिदक्षता विभागाचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावावा, आणि रुग्णास पाठविताना ज्वराचा काळ, मूत्राचे मोजलेले प्रमाण व दिलेली सर्व औषधे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावीत. क्षारकल्प दिला असेल तर तोही लिहावा, कारण पुढील चिकित्सकास पोटॅशियमचा हिशेब करावयाचा असतो. इतके केले तरी अतिदक्षता विभागाचे काम आपल्या दारातच सुरू झाले, असे म्हणता येईल.